तरुणांचा गावकामातला सहभाग कसा वाढवावा आणि कसा मोजावा : राष्ट्रीय सेवा योजनेच्या नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शक

महाविद्यालयात रुजू होऊन फार दिवस झालेले नसताना प्राचार्य बोलावून घेतात आणि ‘यंदापासून रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) तुमच्याकडे’ असे सांगतात, तेव्हा हातात सहसा एक कपाटाची किल्ली, मागील वर्षांचे हजेरीपट आणि विद्यापीठाच्या परिपत्रकांची एक फाइल येते. काय करायचे हे त्या फाइलीत असते. विद्यार्थ्यांनी मनापासून का यावे, आणि आल्याने गावात नेमके काय बदलले हे कसे ओळखावे, हे मात्र त्यात नसते. हा लेख त्या दोन प्रश्नांपुरता आहे. गावातील युवक मंडळ, क्रीडा मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ चालवणाऱ्यांनाही यातील बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा वापरता येतील, कारण तरुण तेच असतात आणि अडचणीही त्याच असतात.

आधी चौकट समजून घ्या. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांसह सुरू झाली. स्वयंसेवकाने दरवर्षी १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास नियमित काम करावे आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे, अशी प्रमाणपत्रासाठीची अपेक्षा आहे. योजनेच्या मार्गदर्शिकेत १२० तासांपैकी २० तास उद्बोधनासाठी, ३० तास महाविद्यालयाच्या परिसरातील कामासाठी आणि उरलेले ७० तास समाजातील कामासाठी धरले आहेत. व्यवहारात हे प्रमाण सहज उलटे होते, कारण महाविद्यालयाचे आवार झाडून घेणे सोपे असते आणि दत्तक गावी, म्हणजे महाविद्यालयाने कामासाठी निवडलेल्या गावी, जाण्यासाठी एसटीची वेळ पाहावी लागते. वर्षाच्या सुरुवातीलाच ७० तासांचे वेळापत्रक आधी बसवा आणि बाकीचे नंतर.

१. काय मोजायचे ते आधी लिहून ठेवा

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या छत्राखाली २०१३ मध्ये झालेल्या श्रमसांख्यिकी परिषदेने स्वयंसेवी कामाची व्याख्या करताना तीन कसोट्या लावल्या : काम विनामोबदला असावे, सक्तीचे नसावे आणि स्वतःच्या घराबाहेरील किंवा नात्याबाहेरील लोकांसाठी असावे. या कसोट्या आपल्या कामाला लावल्या की पहिली अडचण लगेच दिसते. श्रेयांकासाठी किंवा प्रमाणपत्रासाठी भरलेले तास कितपत स्वेच्छेचे म्हणायचे? याचे उत्तर शोधत बसू नका. नोंदवहीत दोन रकाने करा. योजनेच्या आखीव कार्यक्रमातील तास एका रकान्यात आणि त्यापलीकडे विद्यार्थ्याने आपणहून दिलेले तास दुसऱ्यात लिहा. माझ्या मते वर्षअखेरीस खरे बोलणारा आकडा दुसऱ्या रकान्यातच सापडतो.

संस्थेमार्फत केलेले काम आणि थेट माणसाने माणसासाठी केलेले काम, हे दोन्ही मोजा. आपल्याकडे दुसरा प्रकार फार मोठा आहे आणि तो कुठल्याही अहवालात येत नाही. शेजारच्या आजोबांची ई-पीक पाहणी मोबाइलवर भरून देणे, रात्री-अपरात्री रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, हरिनाम सप्ताहात पंगत वाढणे, दुसऱ्याच्या घरच्या अंत्यविधीची तयारी करणे ही सगळी कामे व्याख्येत बसतात. घरच्या शेतात वडिलांना केलेली मदत बसत नाही. पक्षाच्या प्रचाराचे काम विनामोबदला असले तरी स्वतंत्र लिहा, नाहीतर निवडणुकीच्या वर्षी तुमचा आलेख अकारण उंच जाईल.

२. काम सुरू करण्यापूर्वीची स्थिती नोंदवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वर्षअखेरीस ‘जागृती झाली’ यापलीकडे काही सांगता येत नाही. दत्तक गावातील १५ ते २९ वयोगटातील तरुणांची यादी करा. मतदार यादीत १८ वर्षांखालील मुले नसतात, म्हणून आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांच्याशी बोला. कोणत्या घरात कोण आहे आणि कोण बाहेरगावी आहे हे त्यांना नेमके माहीत असते. यादी मोठी असेल तर प्रत्येक वस्तीतून ठरावीक अंतराने घरे निवडा. पारावर भेटलेल्या मुलांनाच प्रश्न विचारून सर्वेक्षण उरकू नका, कारण पारावर मुली नसतात, शिक्षण सोडून मजुरीला जाणारे नसतात आणि मळ्यात राहणारे नसतात.

प्रश्न कसे विचारावेत याला फार महत्त्व आहे. ‘तुम्ही समाजसेवा करता का?’ असे विचारले की शहाणी मुले होय म्हणतात आणि खरोखर करणारी संकोचाने नाही म्हणतात. त्याऐवजी कामांची यादी वाचून दाखवा आणि ‘गेल्या चार आठवड्यांत घराबाहेरच्या कोणासाठी, पैसे न घेता, यांपैकी काय केले आणि साधारण किती वेळ?’ असे विचारा. चार आठवड्यांचा काळ सांगण्याजोगा आठवतो. वर्षभराचा विचारला तर लोक अंदाज बांधतात आणि तो अंदाज नेहमी स्वतःच्या बाजूने झुकलेला असतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळवापर सर्वेक्षण केले, तेव्हा सहा वर्षांवरील व्यक्तींचा फक्त एका दिवसाचा, पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब घेतला गेला, तो याच कारणाने. गावपातळीवर एवढे काटेकोर होण्याची गरज नाही, पण तत्त्व तेच ठेवा.

प्रश्नावली एका पानाची असावी. कामे आणि वेळ यांखेरीज त्यात पुढील गोष्टी पुरेशा आहेत : गेल्या वर्षभरात ग्रामसभेला गेलात का, गेला असाल तर बोललात का, गावातील कोणत्या मंडळाचे किंवा समितीचे सदस्य आहात, आणि गावाचे कोणते काम करावेसे वाटते पण झालेले नाही. मुलींशी मुलींनीच बोलावे आणि शक्यतो दुपारी बोलावे.

वेळ कोणती निवडता तेही पाहा. मराठवाड्यातील ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर निम्मे तरुण गावात नसतात, तर पेरणीच्या दिवसांत असूनही भेटत नाहीत. पहिले सर्वेक्षण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केले असेल तर पुढच्या वर्षीचेही त्याच महिन्यांत करा, नाहीतर ऋतूचा फरक तुम्ही कामाचा परिणाम म्हणून मांडाल.

३. काम तरुणांना निवडू द्या

युनिसेफसाठी रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना हवे तसे वापरून घेणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते व्यासपीठावर बसवणे यांना, त्यांनी सहभाग मानलेच नाही. आपल्या वार्षिक कार्यक्रमांची यादी या शिडीशेजारी ठेवून पाहा. फलक धरून काढलेली फेरी, पाहुण्यांच्या स्वागताला दुतर्फा उभी केलेली मुले आणि भाषण लिहून देऊन बोलायला लावलेला विद्यार्थी प्रतिनिधी कोणत्या पायरीवर येतात, हे वेगळे सांगायला नको.

निवडीची पद्धत साधी ठेवा. विद्यार्थी आणि गावातील तरुण यांनी मिळून शिवारफेरी व गावफेरी करावी, जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढावा आणि अडचणी त्यावर मांडाव्यात. मग प्रत्येक अडचणीला तीन प्रश्न लावावेत : हे काम एका हंगामात पुरे होईल का, त्यासाठी कोणाची परवानगी लागेल, आणि झाल्यावर त्याची देखभाल कोण करील? तिसऱ्या प्रश्नाला माणसाचे नाव मिळत नसेल तर ते काम घेऊ नये. ‘ग्रामपंचायत करील’ हे उत्तर नव्हे. पंचायतीतील कोण, हे विचारा.

निवडलेले काम ग्रामसभेपुढे ठेवा. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि त्या प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांभोवती घेतल्या जातात. त्याआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे आणि तिच्याकडे बहुतेक कार्यक्रम अधिकारी लक्ष देत नाहीत. पाणी, शौचालय, दिवाबत्ती यांविषयी गावातील मुलींना जे बोलायचे असते ते या सभेत आधी येऊ शकते. १८ वर्षांखालील तरुणांना ग्रामसभेत मताचा अधिकार नाही. त्यांचे म्हणणे मांडायचे असल्यास सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याशी आधी बोलून वेळ मागून घ्या.

४. बोलावणे, टिकवणे आणि जबाबदारी देणे

सूचना फलकावरील सूचना वाचून येणारे विद्यार्थी थोडे असतात. ओळखीच्या माणसाने नाव घेऊन ‘रविवारी चल, तुझे हे काम आहे’ असे सांगितले की येणारे बरेच असतात. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक स्वयंसेवकाकडे पहिल्या वर्षाचे तीन-चार जण सोपवा. पहिले काम लहान आणि त्याच दिवशी पूर्ण होणारे असावे. ज्याला पहिल्याच दिवशी तीन भाषणे ऐकावी लागली आणि कुदळ हातात मिळालीच नाही, तो पुढच्या रविवारी येत नाही आणि त्यात त्याची चूक नसते.

मुलींचा सहभाग कमी असेल तर त्याची कारणे आधी कामाच्या मांडणीत शोधा. कामाच्या ठिकाणी वापरण्याजोगे शौचालय आहे का, परतीची एसटी अंधारापूर्वीची आहे का, शिबिरात महिला शिक्षक पूर्णवेळ मुक्कामी आहे का आणि पालकांशी कोणी प्रत्यक्ष बोलले आहे का? पालकसभेत शिबिराचे वेळापत्रक, मुक्कामाची जागा आणि जबाबदार शिक्षिकेचा दूरध्वनी क्रमांक छापून दिला तर अर्धे नकार तिथेच मावळतात. त्यानंतर कामाच्या वाटणीकडे पाहा. मुलींकडे फक्त स्वयंपाक आणि रांगोळी आली असेल तर हजेरीतील समानता फसवी आहे.

मोबदल्याबद्दल स्पष्ट राहा. प्रवासखर्च, चहा-नाश्ता आणि हातमोजे देणे म्हणजे मोबदला नव्हे. ते न दिल्यास गरीब घरातील मुले गळतात आणि स्वयंसेवा ही खिशाला परवडणाऱ्यांची गोष्ट होऊन बसते. टी-शर्ट आणि पदके यांवर मात्र खर्च करू नये असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी अधिकार द्यावा. साहित्याची खरेदी, हिशेब, इतिवृत्त, तालुक्याच्या कार्यालयातील पाठपुरावा ही कामे विद्यार्थ्यांनी करावीत आणि तुम्ही फक्त सह्या कराव्यात. तरुणांना सर्वांत जास्त धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे आपल्या निर्णयाने काही घडले, हा अनुभव होय.

५. नोंद त्याच दिवशी आणि त्याच जागी करा

लागणारी साधने आणि कागदपत्रे पुढीलप्रमाणे :

- स्वयंसेवक नोंदणी अर्ज आणि १८ वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी पालकांचे संमतिपत्र
- महाविद्यालयाचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा दत्तक गावाबाबतचा ठराव
- हजेरी व तास यांची नोंदवही, तसेच प्रत्येक स्वयंसेवकाची दैनंदिनी
- सुरुवातीच्या सर्वेक्षणाचे भरलेले अर्ज, नावे झाकून क्रमांक दिलेले
- मोजपट्टी, कामाच्या जागेचा नकाशा आणि ठरावीक जागेवरून काढलेली आधीची छायाचित्रे
- खर्चाच्या पावत्या व साठा नोंदवही
- प्रथमोपचार पेटी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८

नोंदवहीत तारीख, काम, पोहोचण्याची वेळ, काम सुरू आणि बंद झाल्याची वेळ, स्वतःची सही आणि गटप्रमुखाची सही एवढे रकाने असावेत. प्रवासाचा वेळ वेगळा लिहा. पाहुणे उशिरा आल्यामुळे मांडवात बसून घालवलेले दोन तास सेवेत धरू नका. ते धरल्यास हा सगळा हिशेब पोकळ आहे हे विद्यार्थ्यांना लगेच कळते. फेब्रुवारीअखेर एका रात्रीत, एकाच पेनने, एकमेकांच्या पाहून उतरवलेल्या दैनंदिन्या प्रत्येक विद्यापीठात जमा होतात हे उघड गुपित आहे. त्यावर उपाय एकच : दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाच दैनंदिन्या चिठ्ठी टाकून निवडाव्यात आणि त्या विद्यार्थ्यांशी कामाविषयी दहा मिनिटे बोलावे.

केंद्र सरकारच्या ‘मेरा युवा भारत’ या व्यासपीठावर १५ ते २९ वयोगटातील तरुणांना नोंदणी करता येते. ती अवश्य करून घ्या, पण पोर्टलवरील नोंदणीचा आकडा हा सहभागाचा आकडा म्हणून अहवालात लिहू नका.

वैयक्तिक माहितीबाबत सावध असावे. सर्वेक्षणात आधार क्रमांक, जात किंवा उत्पन्न यांची गरज नसेल तर ते विचारूच नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. कागदी नोंदवहीलाही हीच शिस्त लावली तर नुकसान काहीच होत नाही. विद्यार्थ्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक असलेली यादी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय तर मोडलीच पाहिजे.

६. तास, काम आणि परिणाम वेगवेगळे मोजा

समजा वीस स्वयंसेवकांनी रविवारी तीन तास सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, पाणी अडवणारे चर, खोदले. हे झाले ६० तास. चराची रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर असेल, तर दर मीटर लांबीला ०.१८ घनमीटर माती निघते. ५० मीटर चर झाला असेल तर ९ घनमीटर काम झाले. पावसाळ्यात त्या चरांत पाणी थांबले का आणि चर गाळाने भरल्यावर पुन्हा कोणी उपसले का, हा परिणाम. अहवालात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळींत याव्यात. ‘६० तास श्रमदान’ एवढेच लिहिले तर काम झाले की नाही हे कळत नाही.

पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरू केलेल्या वॉटर कप स्पर्धेतून हा धडा चांगला मिळाला. तेथे गावांनी श्रमदान घनमीटरमध्ये मोजायला शिकून घेतले आणि काल किती झाले, आज किती झाले हे चावडीवर लिहिले जाऊ लागले. मोजमाप गावकऱ्यांच्या स्वतःच्या हातात असले की तेच प्रोत्साहन ठरते. स्पर्धेचा तोटाही ध्यानात ठेवा. गुणांच्या मागे लागले की ज्याला गुण नाहीत असे आवश्यक काम मागे पडते.

वृक्षारोपणाचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण अहवालांत सर्वाधिक आकडे त्याचेच असतात. जुलैत लावलेल्या रोपांची संख्या लिहू नका. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस जिवंत असलेल्या रोपांची लिहा. मग पाचशेंऐवजी पन्नास खड्डे घेण्याची बुद्धी आपोआप होते.

श्रमाचे रुपयांत मूल्य काढायचे असल्यास रोजगार हमीचा दर आधाराला घ्यावा. महाराष्ट्रात २०२४-२५ साठी तो दिवसाला २९७ रुपये होता. वरील ६० तास म्हणजे आठ तासांचे साडेसात दिवस, म्हणून मूल्य २,२२७ रुपये ५० पैसे. हा आकडा ग्रामपंचायतीकडे साहित्याचा वाटा मागताना उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांपुढे तो मिरवू नये. आपली सकाळ शंभर-सव्वाशे रुपयांची होती हे ऐकून कोणाचा उत्साह वाढत नाही.

७. सहभागाची खरी लक्षणे पाहा

तासांपेक्षा खालील गोष्टी मला अधिक विश्वासार्ह वाटतात. पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण तिसऱ्यांदाही आले? आलेल्यांमध्ये मुली, मळ्यातील व वस्त्यांवरील तरुण आणि शिक्षण सोडलेले यांचे प्रमाण सुरुवातीच्या यादीतील प्रमाणाशी जुळते का? वर्षातील किती कामांचा पहिला प्रस्ताव तरुणांकडून आला? ग्रामसभेच्या इतिवृत्तात तरुणांनी मांडलेले किती विषय नोंदले गेले आणि त्यांपैकी किती ठराव झाले? इतिवृत्त पाहण्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करा आणि सभेनंतर लगेच करा. नंतर स्मरणावर विसंबावे लागते. शेवटचा प्रश्न विशेष शिबिराचा : सात दिवस संपल्यानंतरच्या तीन महिन्यांत शिबिराची गाडी नसताना, स्वखुशीने, किती विद्यार्थी त्या गावात परत गेले?

शिबिराबाबत एक सूचना. एका तुकडीत शंभर स्वयंसेवक असतात आणि शिबिराला त्यांतील निम्मे जातात. कोण जाणार हे ठरवताना बोलकी आणि चुणचुणीत मुलेच निवडली तर आकडे चांगले दिसतात, पण ज्यांना संधीची गरज होती ते घरी राहतात. किमान काही जागा चिठ्ठीने भरा.

८. निष्कर्ष गावासमोर वाचून दाखवा आणि काम सोपवा

वर्ष उलटल्यावर पहिल्या सर्वेक्षणाचेच प्रश्न, त्याच पद्धतीने, त्याच महिन्यांत पुन्हा विचारावेत. आकडे घटले असतील तर ते लपवू नयेत. सुरुवातीला उत्साहाने फुगवून सांगणारे दुसऱ्या वर्षी नेमके सांगू लागतात, त्यामुळेही घट दिसते. शिवाय एखादे वर्ष दुष्काळाचे असते आणि तरुण कामासाठी शहराकडे गेलेले असतात. शेजारच्या, दत्तक न घेतलेल्या गावात तोच एक पानाचा अर्ज भरून घेतला असेल तर घट सगळीकडची आहे की फक्त आपल्याकडची, हे कळते.

निष्कर्ष विद्यापीठाला पाठवण्याआधी गावात वाचून दाखवावेत, तेही विद्यार्थ्यांनी, आणि ‘हे खरे वाटते का?’ असे विचारून गप्प बसावे. गावकरी दोन-तीन आकडे हमखास दुरुस्त करतात. त्या दुरुस्त्या अहवालात तारखेसह जोडाव्यात.

एप्रिलमध्ये परीक्षा सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाच्या गटप्रमुखांनी नोंदवह्या, नकाशे, देखभालीची जबाबदारी घेतलेल्या गावकऱ्यांची यादी आणि अपुऱ्या कामांचे टिपण पहिल्या वर्षाच्या गटप्रमुखांकडे सहीनिशी सोपवावे. जूनमध्ये नवे विद्यार्थी येतात तेव्हा जुने शहरात नोकरी शोधत असतात आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांकही बदललेले असतात.